कांचेवरचा चरा

घरांतील एखादी वस्तु बिघडली, कीं ती प्रथम घरींच दुरुस्त करून पाहावयाची, अशी आमच्या कुटुंबाची जुनी रीत आहे. छत्रीची काडी, शिवणयंत्राचा पट्टा, भिंतीवरचें घड्याळ, पाण्याचा नळ, यांपैकीं एकही वस्तु पहिल्याच खेपेस कारागिराच्या हातीं गेल्याचें आम्हांस आठवत नाहीं. या रीतीनें पुष्कळदां पैसा वांचतो, कधींकधीं वस्तूचें आयुष्यही वाढतें. क्वचित् तें संपतेंही. मोटारीच्या खिडकीच्या कांचेवर पडलेला खोल चरा घरच्या घरीं काढतां येतो किंवा नाहीं, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या घरांत निघाला, तेव्हां तोही याच जातीचा वाटला. पुढें मात्र त्याला निराळेंच वळण लागलें. त्या निमित्तानें जें वाचलें आणि करून पाहिलें, तें ज्यांच्या दारीं मोटार आहे अशा वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हें लिहीत आहों.

आमचें घर विवळवेढ्यास, म्हणजे डहाणू तालुक्यांतील महालक्ष्मीच्या गांवीं आहे. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा महामार्ग देवळाजवळूनच जातो. चैत्री पौर्णिमेपासून सुमारें पंधरा दिवस येथें देवीची यात्रा भरते. आसपासच्या पाड्यापाड्यांतून आणि गुजरातेंतून माणसें लोटतात, आणि त्या पंधरवड्यांत गांवावर धुळीचा पातळ ढगच उभा असतो. आमच्या घरांत लहानथोर अकरा माणसें, आणि मोटार एकच. ती चालविण्याचा मान आमचे थोरले बंधु अण्णा यांचा. ते शाळेंतून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षें झालीं. दिवसां गाडी पुतणेही नेतात. पण रात्रीं-अपरात्रीं कोणाचें दुखूं लागलें, कोणाला आगगाडीवर पोंचवावयाचें असलें, तर चाक अण्णांच्याच हातीं असावयाचें, असा घरचा अलिखित नियम होता.

या गाडीच्या कांचांवर ओरखडे तीन तऱ्हांचे होते. पहिले बारीक आणि उभे. खिडकी खालींवर होतांना दाराच्या फटींतील पट्टींत अडकलेले धुळीचे कण कांचेवर रेघा ओढीत राहतात, त्या या रेघा. दुसरा ओरखडा एका बालचित्रकर्तीचा. दोन वर्षांपूर्वीं यात्रेंत गाडी उभी असतां थोरल्या पुतण्याच्या चार वर्षांच्या मुलीनें हातीं लागलेल्या गारगोटीनें मागच्या डाव्या कांचेवर एक बाई काढली: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर वाटोळें डोकें, वारली चित्रांत असते तशी. प्रमाण चांगलें साधलें आहे, असें आमचें मत आम्हीं त्या वेळीं कोणापाशीं बोलून दाखविलें नाहीं.

तिसरा ओरखडा सर्वांत जुना आणि सर्वांत वाईट. २०१२ सालच्या एप्रिल महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें मोटारींच्या कांचांवर काळी फिल्म चिकटविण्यास मनाई केली. पुढच्या व मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, आणि तोही वरून कांहीं न चिकटवितां, असा त्या निकालाचा अर्थ होता. त्या दिवसांत ठिकठिकाणीं फिल्मा घाईघाईनें खरवडण्यांत आल्या. आमच्या गाडीचीही एका मेस्त्रीनें खरवडली. त्याचें नांव सांगण्यांत आतां अर्थ नाहीं. पात्याखालीं एखादा कण सांपडला असावा. चालकाच्या उजव्या हाताच्या कांचेवर, आंतल्या बाजूनें, वीतभर लांबीची, कोयत्यासारखी वांकडी रेघ उमटली. आणि ती नेमकी अशा जागीं, कीं उजवा आरसा पाहावयाचा तो तिच्यांतूनच.

दिवसां तिचा त्रास नव्हता, म्हणून कित्येक वर्षें ती तशीच राहिली. गेल्या आषाढांत एका रात्रीं अण्णा पाहुण्यांना घेऊन डहाणू रोड स्टेशनावरून परतत होते. चारोटी नाक्यावर महामार्गास लागून त्यांनीं गाडी उजवीकडच्या पट्ट्यांत घ्यावयास आणि मागून एक मालट्रक अगदीं अंग घांसून जावयास एकच गांठ पडली. आरशांत दिवे दिसले नाहींत असें नव्हे. दिव्यांखेरीज दुसरें कांहीं दिसलेंच नाहीं. चऱ्यावर पडलेला उजेड कांचभर पसरला, आणि ट्रक किती जवळ आला आहे हें त्या उजेडांत बुडून गेलें. कोणास इजा झाली नाहीं. परंतु गाडींत वहिनी होत्या. घरीं येतांच त्यांनीं किल्ली देवघराच्या कोनाड्यांत ठेविली आणि सांगितलें, "अहो, यापुढें रात्रीं गाडी काढावयाची नाहीं. डोळे थकले आहेत तुमचे." अण्णा म्हणाले, "डोळ्यांना काय धाड भरली आहे? कांच खराब झाली आहे ती." त्या रात्रीं दोघेंही जेवलीं नाहींत.

म्हणजे प्रश्न नुसत्या कांचेचा राहिला नाहीं. ज्या माणसानें तीस वर्षें घरांतल्या प्रत्येक अडीअडचणीला गाडी काढली, त्याच्या हातांतून चाक काढून घ्यावयाचें किंवा नाहीं, हें त्या वीतभर रेघेवर येऊन ठरलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं धाकटा पुतण्या दांत घांसण्याच्या पेस्टची नळी आणि मऊ फडकें घेऊन गाडींत बसला. पेस्टनें कांचेवरचे ओरखडे जातात असें त्यानें कोठेंसें ऐकलें होतें. अर्धी नळी संपली. कांच लख्ख झाली, आणि चरा पूर्वीपेक्षां अधिक ठळक दिसूं लागला!

असें कां व्हावें, हें समजण्यास फार विद्वत्ता नको. फ्रीड्रिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं पदार्थांच्या कठीणपणाची एक चढती श्रेणी लावून दिली. तींत शंखजिऱ्याचा अंक १ व हिऱ्याचा १०. खिडकीची कांच सुमारें साडेपांचावर बसते. खडूच्या जातीची जी पूड पेस्टमध्यें असते ती ३. दांतांचें कवच ५. जी पेस्ट कांच खाऊं शकेल ती आधीं दांत खाईल, हें उघड आहे. उलट वाळूंतील गारगोटी ७, आणि आपल्या काळ्या फत्तराच्या भुकटींतील फेल्डस्पार ६. रस्त्यावरची धूळ कांचेला ओरबाडते, आणि न्हाणीघरांतली पेस्ट तिला नुसती पुसते.

येथें आमच्या आजीची आठवण होते. तिच्या वेळीं घरांत प्रभाकर कंदील होते, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनीं १९१६ सालीं काढलेल्या कारखान्याचे. त्याच्याही आधीं, १९०८ सालीं, तळेगांवास पैसा फंडाचा कांच-कारखाना निघाला होता. अंताजीपंत काळ्यांनीं घरोघर एकेक पैसा मागून जमविलेल्या फंडांतून. स्वदेशी कांच ही त्या पिढीला केवळ वस्तु नव्हती, म्हणून ती फुटूं नये व ओरबाडूं नये याची काळजीही तशीच असे. आजी रोज तिन्हीसांजेच्या आधीं कंदिलाची कांच राखेनें पुसावयाची; पण चुलींतली राख जशीच्या तशी कधीं घेत नसे. ती वस्त्रगाळ करून निराळ्या डब्यांत ठेवी, आणि डब्यास मुलांनीं हात लावलेला तिला खपत नसे. एक खडा आला कीं कांच गेली, हें तिला मोसच्या श्रेणीवांचून ठाऊक होतें. राख काजळी काढते, कांच काढीत नाहीं. चरा काढावयाचा म्हणजे मात्र कांचच काढावी लागते. चरा ही खांच आहे. ती पुसून जाणार नाहीं, तिच्या तळापर्यंत सभोंवारची जमीन खालीं आणली तरच ती नाहींशी होईल.

आणखी एक भूल सांगण्यासारखी आहे. ओल्या फडक्यानें पुसलें कीं चरा दिसेनासा होतो. खोबरेल लावलें तर तासभर अगदीं बेपत्ता होतो. आमच्या काकूंनीं तो गेला असें जाहीरही करून टाकलें. खांचेंत हवा असते तोंपर्यंत तिच्या कडांवर उजेड फुटतो. पाण्यानें किंवा तेलानें ती भरली, कीं उजेडाला हवेंतून कांचेंत शिरतांना बसणारा धक्का कमी होतो. नखांना लावावयाच्या बिनरंगी पॉलिशानेंही तोच परिणाम थोडे दिवस टिकतो. परंतु खिडकी खालींवर झाली, कीं पट्टी तें पॉलिश खरवडते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. पुढच्या कांचेवर खडा लागून टवका उडाला तर कारागीर त्यांत पारदर्शक राळ भरतो, त्याचें तत्त्व हेंच. पण ती कांच हालत नाहीं, म्हणून तेथें तें टिकतें.

वाद कांचेचा कीं डोळ्यांचा, याचा निकाल लावण्याची युक्ति आमच्या थोरल्या पुतण्याला सुचली, आणि ती इतकी सोपी आहे कीं प्रत्येक घरानें करून पाहावी. रात्रीं गाडी अंगणांत उभी केली. मागें वीस पावलांवर स्कूटर ठेवून तिचा दिवा लावला. अण्णा चालकाच्या जागीं बसले. एकदां कांच पूर्ण वर, एकदां पूर्ण खालीं; दोन्ही वेळां आरशांत काय दिसतें तें त्यांनीं सांगावयाचें. मग तेंच पुतण्यानें. कांच वर असतां दोघांनाही दिव्याभोंवतीं तिरपी फांक दिसली. कांच खालीं करतांच पुतण्याला दिवा स्वच्छ, वाटोळा दिसला. अण्णा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "फांक गेली. पण दिव्याला खळें आहे अजून."

वहिनी आणि अण्णा दोघेंही अर्धीं अर्धीं खरीं ठरलीं, त्यामुळें कोणाचेंच समाधान झालें नाहीं. पण पुढच्याच आठवड्यांत अण्णा आपण होऊन नेत्रवैद्याकडे गेले. उजव्या डोळ्यांत मोतीबिंदु धरूं लागला होता. रात्रींच्या दिव्यांना खळें दिसणें हें त्याचें ओळखीचें लक्षण. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करण्याचें ठरलें. तोंपर्यंत कांचेचा निकाल लावावयाचा होता.

कांच खरोखर झिजविणारी जी पूड घरीं वापरण्याजोगी आहे ती सीरियम ऑक्साइडची. सीरियम हें मूलद्रव्य १८०३ सालीं सांपडलें, आणि दोन वर्षांपूर्वीं शोध लागलेल्या सीरीस या लघुग्रहावरून त्याला नांव मिळालें. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूंत मोनाझाइट नांवाचें खनिज असतें, त्यांत तें भरपूर आहे. एक वाळू कांचेला ओरबाडते, आणि दुसऱ्या वाळूंतलें द्रव्य तिला गुळगुळीत करतें, ही गंमत आहे. ही पूड नुसती घांसत नाहीं. पाण्याच्या संगतीनें ती कांचेच्या पृष्ठभागाशीं रासायनिक क्रिया करते, त्याचा अतिसूक्ष्म थर सैल करते आणि उचलून नेते. म्हणून तिच्यामागें नवे ओरखडे राहत नाहींत.

कृति आम्हीं पुढीलप्रमाणें केली. सावलींत, कांच थंड असतां, ती साबणाच्या पाण्यानें दोनदां धुतली. धुळीचा एक कण राहिला तरी पुढचें सर्व व्यर्थ. खिडकीखालच्या दारावर प्लास्टिकचा कागद चिकटविला, कारण तांबूस राळ सर्वत्र उडते. चऱ्याची जागा कांचेच्या उलट बाजूस पेन्सिलीनें वर्तुळ काढून दाखविली. पूड लावल्यावर चरा कोठें होता हें कळेनासें होतें. पूड भज्यांच्या पिठाइतकी दाट कालविली. विजेच्या ड्रिलला नमद्याची चकती बसवून ती अगदीं मंद फिरविली. एका जागीं न थांबतां, चऱ्याच्या चौफेर वीतभर. दर मिनिटास थांबून कांचेला हात लावून पाहिला. ती कोमट लागली तर चालेल, चटका बसतां कामा नये. एकाच ठिकाणीं तापलेली कांच तडकते. चकती कधीं कोरडी पडूं दिली नाहीं. नाकाला फडकें आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

मागच्या डाव्या कांचेपासून आरंभ केला. पाऊण तासांत तिच्यावरच्या उभ्या बारीक रेघा बहुतेक गेल्या. ज्या रेघेवरून नख फिरविलें असतां अडकत नाहीं ती या उपायानें जाते, असें आतां खात्रीनें म्हणतां येईल. गारगोटीची बाई मात्र जागची हालली नाहीं. तिच्या कडा मऊ झाल्या, दुरून ती फिकी दिसूं लागली, इतकेंच. नख अजून अडकत होतें.

नख अडकणारा चरा याहून खरखरीत पुडीनें आधीं घांसतां येत नाहीं काय? येतो. सिलिकॉन कार्बाइडचे कागद त्यासाठीं मिळतात, आणि कांच-कारागीर ते वापरतातही. परंतु त्यानें प्रथम सर्व जागा दुधी होते, आणि तें दुधीपण घालविण्यास मग क्रमाक्रमानें बारीक पूड आणि तासन् तास लागतात. शेवटीं चरा जातो. पण त्याच्या जागीं एक उथळ बशी तयार होते, आणि बशीसारखी कांच म्हणजे भिंग. तिच्यांतून पाहिलें असतां विजेच्या तारा वांकतात, मागची गाडी आहे त्याहून लांब किंवा जवळ भासते. ज्या जागेंतून आरसा पाहावयाचा तेथें चरा बरा कीं भिंग बरें? आमच्या मतें चराच बरा, कारण तो निदान दिसतो.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. मोटारीच्या बाजूच्या कांचा बहुधा टफन केलेल्या असतात. कांच ६०० अंशांच्या वर तापवून गार हवेच्या झोतांनीं एकाएकीं थंड करतात. बाहेरचा भाग आधीं आवळतो, आंतला मागाहून, आणि त्यामुळें दोन्ही पृष्ठभाग कायमचे दाबाखालीं व पोट ताणाखालीं राहतें. कांचेचें सारें बळ या दाबलेल्या थरांत असतें, आणि त्याची जाडी एकेका बाजूस कांचेच्या सुमारें पांचव्या हिश्शाइतकी असते. तो थर घांसून कमी करणें म्हणजे बळ कमी करणें. आणि खांच ताणाच्या थरापर्यंत पोंचली, तर सबंध कांचेचा एका क्षणांत साखरेच्या खड्यांसारखा चुरा होतो. पुढची कांच निराळ्या जातीची, दोन पातळ कांचांमध्यें प्लास्टिकचा पडदा घालून केलेली. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच गृहस्थानें १९०९ सालीं अशा कांचेचा हक्क नोंदविला. तिच्यावर वायपरनें पडलेल्या कमानींना घरचें ड्रिल कदापि लावूं नये. चालकाची सारी नजर तिच्यांतून जाते. कोणती कांच कोणत्या जातीची, हें तिच्या कोपऱ्यांतील छापावरून कळतें.

इतकें पाहिल्यावर चालकाच्या बाजूची कांच घांसण्याचा विचार सोडला. पुतण्याला तें पटेना. त्याच्या दृष्टीनें नवी कांच आणणें ही घराण्याच्या रीतीची हार होती. अण्णांनींच शेवटीं सांगितलें, "माझ्या डोळ्यांतलें भिंग बदलावयास तुम्ही निघालांत, मग दारांतली कांच बदलावयास काय हरकत आहे?" पालघरच्या एका दुकानीं ती अडीच हजारांच्या आंत मिळाली, आणि दार उघडून बसविण्यास कारागिराला तासही लागला नाहीं. त्याच वेळीं चारही दारांच्या पट्ट्या काढून धुतल्या. त्यांतून चहाचा चमचा भरेल इतकी वाळू निघाली. खरें पाहतां सर्व उपायांत हाच उपाय पहिला आणि सर्वांत स्वस्त आहे: यात्रेचा पंधरवडा संपला कीं त्या फटींतून पाणी सोडावें, आणि धुळीनें माखलेली खिडकी कोरडी असतां खालीं करूं नये.

मार्गशीर्षांत अण्णांनीं स्कूटरचा दिवा पुन्हां मागें लावून घेतला. कांच वर, कांच खालीं. दोन्ही वेळां दिवा वाटोळा दिसला. वहिनींनीं किल्ली दिली, पण मध्यरात्रीनंतर थोरला पुतण्या बरोबर असलाच पाहिजे, या अटीवर. अण्णांनीं ती कुरकुरत मान्य केली आहे.

मागच्या कांचेवरची बाई ठेवावी असें बहुमतानें ठरलें. काढलेली जुनी कांच कापून आजीच्या तसबिरीला लावावी, अशी धाकट्या पुतण्याची इच्छा होती. तो ती घेऊन कांच कापणाऱ्याकडे गेला. त्यानें कोपऱ्यांतला छाप पाहिला, हात जोडले, आणि ही कांच कापतां येत नाहीं, हिरकणी लावतांच हिचा भुगा होईल, असें सांगून ती परत दिली. सध्यां ती माळ्यावर गोणपाटांत गुंडाळून ठेवलेली आहे.